वजा १४.७ अंश कुठून आले?

पत्र : आदरणीय मॅडम, मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. अप्लाइड मेकॅनिक्समध्ये दोन बलांचे परिणामी बल, म्हणजे दोन्हींच्या जागी चालणारे एकच बल, मला समांतरभुज चौकोनाच्या नियमाने काढता येते, पण तीन-चार बले एकत्र आली की माझे उत्तर पुस्तकाशी कधीच जुळत नाही. एक गणित लिहून पाठवते. एका कडीला चार दोर बांधले आहेत. पहिला ६० न्यूटनने पूर्वेपासून उत्तरेकडे ३० अंशांवर ओढतो, दुसरा १०० न्यूटनने उत्तरेपासून पश्चिमेकडे ३० अंशांवर, तिसरा ८० न्यूटनने थेट पश्चिमेला आणि चौथा ५० न्यूटनने थेट दक्षिणेला. पुस्तकात उत्तर १०२.६ न्यूटन आणि १३९.५ अंश असे आहे. माझे उत्तर ११८.५ न्यूटन आणि वजा १४.७ अंश येते. चार वेळा केले, चारही वेळा हेच आले. लामीचे प्रमेय लावले तर सुटेल का? माझे वडील लाइनमन आहेत. ते म्हणतात, खांबाला ताण, म्हणजे आधाराची तिरपी तार, कुठे द्यायचा हे आम्ही नुसते बघून ठरवतो, तुम्हाला एवढी आकडेमोड कशाला लागते? मला इंजिनीअरिंग जमणार नाही असे वाटू लागले आहे.
एक विद्यार्थिनी, संगमनेर तालुका

प्रिय विद्यार्थिनी,

चार वेळा गणित केलेस आणि चारही वेळा तेच उत्तर आले, हे वाचून मला बरे वाटले. आकडेमोड कच्ची असती तर दर वेळी वेगळा आकडा आला असता. तू कच्चे काम पाठवलेले नाहीस, पण त्याची गरज पडली नाही, कारण ११८.५ आणि वजा १४.७ हे दोन आकडे एकत्र येण्याची एकच सरळ वाट आहे आणि ती मी वहीत उलट दिशेने चालून पाहिली. तुझ्या गणितात दोन चुका आहेत. वर्ग, बेरीज, वर्गमूळ हे सारे बरोबर आहे. दोन्ही चुका आकृती न काढता थेट सूत्राला हात घातल्यामुळे झाल्या आहेत, आणि त्यातली दुसरी चूक अशी आहे की तिचा तुझ्या वडिलांच्या कामाशी फार जवळचा संबंध लागतो. तो कसा, ते शेवटी सांगते.

पहिली चूक दुसऱ्या दोरात आहे. पूर्व ही क्ष-अक्षाची धन दिशा आणि उत्तर ही य-अक्षाची धन दिशा धरू. १०० न्यूटनच्या दोरासाठी तू क्ष-घटक, म्हणजे पूर्व-पश्चिम दिशेतली ओढ, १०० गुणिले कोसाइन ३० म्हणजे ८६.६० घेतलास, तो पश्चिमेकडे म्हणून त्याला वजा चिन्ह दिलेस, आणि य-घटक १०० गुणिले साइन ३० म्हणजे ५० घेतलास. मी हेच आकडे धरून पुढे गेले. क्ष-घटकांची बेरीज वजा ११४.६४ आली, य-घटकांची ३० आली, आणि परिणामी बल बरोबर ११८.५ न्यूटन निघाले. म्हणजे चिन्ह तू नीट ओळखलेस, पण साइन आणि कोसाइन यांची अदलाबदल झाली. पत्रात तूच लिहिले आहेस की हा दोर 'उत्तरेपासून' ३० अंशांवर आहे. कोन उत्तरेपासून, म्हणजे य-अक्षापासून मोजलेला आहे, त्यामुळे कोसाइन य-घटकाला लागतो आणि साइन क्ष-घटकाला.

माझ्या शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत उत्तरपत्रिकांमध्ये सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक हीच आहे, आणि तिचे मूळ 'क्ष म्हणजे कोसाइन, य म्हणजे साइन' या पाठ करून घेतलेल्या वाक्यात आहे. कोन क्ष-अक्षापासून दिलेला असतो तेव्हा ते वाक्य खरे ठरते, आणि पहिली पाच-सहा गणिते तशीच असतात म्हणून ते डोक्यात पक्के बसते. नववी-दहावीत त्रिकोणमिती शिकताना तू लगतची बाजू, समोरची बाजू आणि कर्ण असे शब्द वापरले होतेस. तेच शब्द येथे परत आण. दोर हा कर्ण आहे. दोराच्या टोकापासून अक्षावर लंब टाकला की काटकोन त्रिकोण तयार होतो, आणि दिलेल्या कोनाला जी बाजू लगटून आहे तिला कोसाइन लागतो, मग ती आडवी असो की उभी. त्रिकोण प्रत्यक्ष काढला तर ही चूक करणे अवघड जाते, कारण तुझ्या दुसऱ्या दोराचा त्रिकोण कागदावर उंच आणि अरुंद दिसतो, आणि अशा त्रिकोणाची आडवी बाजू ८६.६० असणे शक्य नाही हे डोळ्यांनाच दिसते.

आता 'घटक' या शब्दाविषयी थोडे थांबून बोलते, कारण पुष्कळ गोंधळ या शब्दापाशीच सुरू होतो. १०० न्यूटनचे बल विभागले की ५० आणि ८६.६० असे दोन घटक मिळतात. त्यांची बेरीज १३६.६० होते. एका मुलीने मला वर्गात विचारले होते की, शंभर रुपये दोघांत वाटले तर बेरीज शंभरच व्हायला हवी, मग हे ३६.६० जास्तीचे कुठून आले? प्रश्न अगदी योग्य होता. घटक म्हणजे वाटणी असती तर तिची शंका बरोबर ठरली असती. परंतु येथे आपण बलाला दोन वेगवेगळे प्रश्न विचारत असतो. पूर्व-पश्चिम दिशेत तुझी ओढ किती, हा पहिला प्रश्न, आणि उत्तर-दक्षिण दिशेत किती, हा दुसरा. ही दोन उत्तरे एकमेकांना काटकोनात उभी असतात, म्हणून ती पायथागोरसच्या प्रमेयानेच एकत्र येतात. ५० चा वर्ग २५००, ८६.६० चा वर्ग जवळजवळ ७५००, आणि दोन्ही मिळून १०,००० म्हणजे पुन्हा १०० चा वर्ग. काहीही वाढलेले नाही आणि काहीही हरवलेले नाही.

याच कारणाने आणखी एक पथ्य पाळावे लागते. बलाचे घटक एकदा काढले की आकृतीतल्या मूळ बाणावर पेन्सिलीने बारीक नागमोडी रेघ मारून तो रद्द करायचा. कित्येक मुले मूळ बाण तसाच ठेवतात, घटकही काढतात आणि मग बेरजेत दोन्ही धरतात. घटक हे मूळ बलाच्या जागी आलेले आहेत, त्याच्या जोडीला आलेले नाहीत.

दोन बलांना तू समांतरभुज चौकोनाचा नियम लावतेस, मग चार बलांना तो का लावायचा नाही, हा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण तो मनात असणार. लावता येतो. पहिल्या दोन बलांचे परिणामी बल काढायचे, त्याची तिसऱ्याशी जोडी लावायची, जे येईल त्याची चौथ्याशी. चार बलांसाठी हे तीन वेळा करावे लागते, आणि दर वेळी नव्या परिणामी बलाचा पुढच्या बलाशी कोन किती हे शोधावे लागते. पहिल्या पायरीवर अर्धा अंश चुकला तर तो पुढच्या प्रत्येक पायरीत शिरतो. घटकांच्या पद्धतीत प्रत्येक बलाचे काम स्वतंत्रपणे होते, आणि अक्षावरची बेरीज ही साधी अधिक-उणे बेरीज असते. मूळ तत्त्व मात्र तेच आहे. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गतीच्या तीन नियमांना जोडून जो पहिला उपसिद्धांत दिला आहे तो समांतरभुज चौकोनाचाच आहे. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १५८६ साली, सायमन स्टेविन याने डच भाषेत लिहिलेल्या ग्रंथात दोन उतारांवर टाकलेल्या गोळ्यांच्या माळेचा विचार करून उतारावरच्या वजनांचा समतोल सिद्ध केला होता. बाणांची ही सगळी बीजगणिती मांडणी, म्हणजे सदिशांचे आजचे रूप, त्यानंतर पुष्कळ उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, अमेरिकेत गिब्ज आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी रूढ केली. हे सांगण्याचे कारण इतकेच की, जी गोष्ट तुला दोन आठवड्यांत यायला हवी असे वेळापत्रक म्हणते, ती माणसांना नीट मांडता यायला तीनशे वर्षे लागली.

आता तुझे गणित पुन्हा करू. पहिला दोर पूर्वेपासून ३० अंशांवर आहे, म्हणून त्याचा क्ष-घटक ६० गुणिले कोसाइन ३० म्हणजे ५१.९६, आणि य-घटक ६० गुणिले साइन ३० म्हणजे ३०. दोन्ही धन, कारण दोर पूर्व आणि उत्तर यांच्या मधल्या चतकोरात आहे. दुसरा दोर उत्तर आणि पश्चिम यांच्या मध्ये आहे, म्हणून क्ष-घटक वजा ५० आणि य-घटक अधिक ८६.६०. तिसरा पूर्णपणे पश्चिमेला, म्हणून क्ष-घटक वजा ८० आणि य-घटक शून्य. चौथा पूर्णपणे दक्षिणेला, म्हणून क्ष-घटक शून्य आणि य-घटक वजा ५०. हे शून्यसुद्धा तक्त्यात लिहीत जा. रिकामी जागा सोडली की घाईत तिथे भलताच आकडा जाऊन बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. क्ष-स्तंभाची बेरीज ५१.९६ वजा ५० वजा ८०, म्हणजे वजा ७८.०४. य-स्तंभाची बेरीज ३० अधिक ८६.६० वजा ५०, म्हणजे ६६.६०. या दोन बेरजांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढले की १०२.६ न्यूटन येतात, आणि पुस्तकाशी आकडा जुळतो.

चिन्हे ठरवण्याची दुसरी रीत अशी की, प्रत्येक कोन पूर्वेपासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचा. मग तुझे चार दोर ३०, १२०, १८० आणि २७० अंशांवर येतात, क्ष-घटकाला नेहमी कोसाइन आणि य-घटकाला नेहमी साइन लागतो, आणि वजा चिन्ह कॅल्क्युलेटर स्वतःच देतो. ही रीत संगणकाला फार सोयीची आहे. परंतु नुकत्याच शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आकृती काढून, लघुकोन घेऊन, चिन्ह स्वतःच्या डोळ्यांनी ठरवावे असे माझे ठाम मत आहे, कारण त्यामुळे उत्तर येण्याआधीच ते कोणत्या बाजूला पडणार याचा अंदाज बांधण्याची सवय लागते. कोणतीही रीत घे, मात्र एका गणितात दोन्ही मिसळू नकोस.

दुसरी चूक दिशेची आहे. दिशा काढण्यासाठी तू य-बेरजेला क्ष-बेरजेने भागलेस आणि कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्सचे बटण दाबलेस. तुझ्या चुकलेल्या आकड्यांवरून वजा १४.७ आले. आता दुरुस्त केलेल्या आकड्यांवर तेच बटण दाबून पाहा. ६६.६० भागिले वजा ७८.०४ म्हणजे वजा ०.८५३४, आणि त्याचा कोन येतो वजा ४०.५ अंश. म्हणजे पहिली चूक सुधारली तरी पुस्तकातले १३९.५ अंश येत नाहीत. येथे अनेक विद्यार्थी पुस्तकात छपाईची चूक आहे असे मानून मोकळे होतात.

वजा ४०.५ अंश म्हणजे पूर्वेपासून दक्षिणेकडे ४०.५ अंश. आता स्वतःच्याच दोन बेरजांकडे पाहा. क्ष-बेरीज वजा आहे, म्हणजे कडी पश्चिमेकडे ओढली जाते. य-बेरीज धन आहे, म्हणजे ती उत्तरेकडे ओढली जाते. वायव्येकडे निघालेल्या कडीची दिशा आग्नेय कशी असेल? कॅल्क्युलेटरची यात काही चूक नाही. भागाकार केला की वजा चिन्ह वरच्या आकड्याचे होते की खालच्या, ही माहिती पुसली जाते. वर धन आणि खाली वजा असले काय, किंवा वर वजा आणि खाली धन असले काय, भागाकार एकच येतो. त्या एका भागाकाराला एकमेकांच्या नेमक्या उलट अशा दोन दिशा जुळतात, आणि कॅल्क्युलेटर त्यांतली नेहमी पूर्वेकडच्या अर्ध्या वर्तुळात पडणारी दिशा देतो. निवड आपण करायची असते. म्हणून मी विद्यार्थ्यांना असे सांगत आले आहे की, भागाकार करताना दोन्ही बेरजांची चिन्हे काढून ठेवा, नुसता लघुकोन मिळवा, आणि मग चिन्हांकडे पाहून तो कोणत्या चतकोरात बसतो ते शब्दांत लिहा. येथे लघुकोन ४०.५ अंश आहे आणि उत्तर 'पश्चिमेपासून उत्तरेकडे ४०.५ अंश' असे आहे. पूर्वेपासून मोजायचा झाल्यास १८० मधून ४०.५ वजा केले की १३९.५.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत फोर्स टेबल असेल तर तुझ्या सरांना किंवा मॅडमना सांगून हेच गणित त्यावर मांडून पाहा. ते एक गोल टेबल असते, कडेला ३६० अंशांच्या खुणा कोरलेल्या असतात, मध्यभागी एक खिळा असतो आणि त्या खिळ्याभोवती एक कडी सैल बसवलेली असते. कडीला बांधलेले दोरे कडेच्या कप्प्यांवरून खाली जातात आणि त्यांना वजने लावतात. ३० अंशांवर ६० ग्रॅम, १२० वर १००, १८० वर ८० आणि २७० वर ५० ग्रॅम लाव, वजन अडकवायच्या हुकाचे स्वतःचे वजनही त्यातच धर. वजने सोडताच कडी सरकून खिळ्याला टेकेल. ती ज्या दिशेला सरकते ती दिशा १३९.५ अंशांची असते, हे कोरलेल्या खुणांवरच दिसते. आता पाचवी कप्पी ३१९.५ अंशांवर बसव आणि १०२ किंवा १०३ ग्रॅम लाव. कडी खिळ्यापासून सुटते, बोटाने हलकेच टिचकी मारली की डोलते आणि खिळ्याभोवती चारी बाजूंनी सारखी फट ठेवून उभी राहते. कप्पीच्या घर्षणामुळे एखादा ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी चालून जाते. आता ३१९.५ मधून ३६० वजा कर. वजा ४०.५ मिळतात. कॅल्क्युलेटरने दिलेली 'चुकीची' दिशा म्हणजे समोरासमोर ओढून कडीला जागेवर आणणाऱ्या पाचव्या दोराची दिशा आहे.

लामीच्या प्रमेयाविषयी थोडक्यात सांगते. सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू बर्नार लामी यांच्या नावाचे हे प्रमेय एका बिंदूतून जाणाऱ्या तीनच बलांना आणि तीही समतोलात असतानाच लागू पडते. तुझ्या गणितात बले चार आहेत आणि समतोल नाही, त्यामुळे ते येथे लावू नकोस. पडताळ्यासाठी बल-बहुभुज उपयोगी पडेल. १ सेंटिमीटरला १० न्यूटन असे प्रमाण घेऊन ६, १०, ८ आणि ५ सेंटिमीटरचे बाण पट्टी आणि कोनमापकाने एकाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी लावून काढत जा. पहिल्याच्या शेपटीपासून शेवटच्याच्या टोकापर्यंतची रेघ सव्वादहा सेंटिमीटरच्या आसपास भरली की समज, गणित बरोबर आहे. दर परीक्षेच्या आधी कॅल्क्युलेटरवर कोसाइन ६० दाबून ०.५ येतात का हेही पाहत जा, कारण यंत्र रेडियनवर, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर, राहिले असेल तर सगळे कष्ट वाया जातात. मधल्या पायऱ्यांत चार अंक ठेव, अंक कमी करणे शेवटच्या ओळीसाठी राखून ठेव.

आता तुझ्या वडिलांच्या प्रश्नाकडे येते, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. समजा एक लाइन पश्चिमेकडून येते आणि त्या खांबावर वळून पूर्वेपासून उत्तरेकडे ६० अंशांच्या दिशेने पुढे जाते. हिशेबासाठी दोन्ही बाजूंच्या तारांची आडवी ओढ प्रत्येकी ३००० न्यूटन धरू. पश्चिमेच्या तारांचे घटक वजा ३००० आणि शून्य. पुढच्या तारांचे घटक १५०० आणि २५९८. बेरीज वजा १५०० आणि २५९८, म्हणजे परिणामी बल ३००० न्यूटन, पश्चिमेपासून उत्तरेकडे ६० अंश. ही दिशा दोन लाइनींच्या मधल्या कोनाचा बरोबर दुभाजक आहे. तुझे वडील खांबाकडे बघून जे ठरवतात ते हेच असणार: दोन्ही तारांच्या मधोमध नजर लावायची आणि ताण त्याच्या नेमका पाठीमागे घ्यायचा.

ते आकडेमोड करत नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. दुभाजकावर नजर लावणे म्हणजे अक्ष निवडणेच आहे. अक्ष पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिणच असले पाहिजेत असा कोणताही नियम नाही, फक्त ते एकमेकांना काटकोनात हवेत. एक अक्ष दुभाजकाच्या बाजूने धरला की दोन्ही लाइनींचे दुभाजकाला काटकोनातले घटक समान आणि विरुद्ध होऊन कटतात, आणि दुभाजकावर प्रत्येकीचे १५०० असे ३००० उरतात. वडिलांची नजर सर्वांत सोयीचे अक्ष आधीच निवडून मोकळी होते. त्यांनी तुला हे याच शब्दांत सांगितले नसेल, पण बलांचे विभाजन त्यांना येते, हे तू त्यांना जरूर सांग.

आता त्याच खांबावरून दक्षिणेकडे एका घराला जोडणी दिली आणि तिची ओढ ४०० न्यूटन आहे असे धर. य-बेरीज २५९८ वरून २१९८ वर येते, क्ष-बेरीज वजा १५०० तशीच राहते. परिणामी बल २६६१ न्यूटन होते आणि त्याची दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे ५५.७ अंश. दुभाजकापासून ४.३ अंशांचा फरक पडला. एवढा फरक मोक्यावर चालवून घेता येईल, पण जोडण्या तीन-चार असतील आणि सगळ्या एकाच बाजूला असतील तर नजरेचा अंदाज फसू लागतो, आणि तिथून पुढे तुझा तक्ता कामाला येतो. येथेही ताण द्यायची दिशा परिणामी बलाच्या उलट, म्हणजे पूर्वेपासून दक्षिणेकडे ५५.७ अंश. कॅल्क्युलेटरवर २१९८ भागिले वजा १५०० करून टॅन इन्व्हर्स दाबलेस तर वजा ५५.७ दिसेल, आणि या एका प्रश्नापुरते ते उत्तर सुधारावे लागणार नाही.

ताणाची तार आडवी नसते, ती वरून तिरपी जमिनीत उतरते, त्यामुळे तिचेही दोन घटक होतात. तारांची उंची ६ मीटर आहे आणि ताण त्याच उंचीवर बांधला आहे असे धर. त्याने आडव्या दिशेत २६६१ न्यूटन पुरवले पाहिजेत. ताणाचा स्टे रॉड, म्हणजे ती तार जमिनीत धरून ठेवणारी सळई, खांबाच्या बुडापासून ६ मीटरवर पुरला तर तारेतली ओढ ३७६३ न्यूटन होते आणि ती खांबाला २६६१ न्यूटनने खाली दाबते. जागा नाही म्हणून रॉड ३ मीटरवरच पुरला तर तेवढीच आडवी ओढ देण्यासाठी तारेला ५९५० न्यूटन सोसावे लागतात आणि खांबावरचा खालचा दाब दुप्पट, म्हणजे ५३२२ न्यूटन होतो. या हिशेबात मी कोन काढलेला नाही, साइन-कोसाइनही वापरलेले नाहीत. उंची, जमिनीवरचे अंतर आणि तारेची लांबी यांचा त्रिकोण आणि बलांचा त्रिकोण समरूप आहेत, म्हणून बाजूंच्या गुणोत्तरावरच सारे निघते. ताण खांबाच्या पायाशी घेऊ नये असे वडिलांच्या तोंडून तू कधी ऐकले असशील, तर त्यामागचे आकडे हे आहेत.

वडिलांना सुट्टी असेल त्या दिवशी त्यांच्याबरोबर वळणावरचा एखादा खांब रस्त्यावरूनच पाहून ये. खांबाला, ताणाला किंवा टर्नबकलला (तार घट्ट करायच्या स्क्रूला) हात न लावता, वरून पाहिल्यासारखी त्याची आकृती वहीत काढ, प्रत्येक तार कोणत्या दिशेला जाते ते लिही, आणि बुडापासून रॉडपर्यंतचे अंतर पावलांनी मोजून आण. तारांची ओढ साधारण किती धरायची ते वडिलांना विचार. तक्ता भरण्याआधी परिणामी बल कुठे पडेल याचा अंदाज पेन्सिलीने आकृतीत दाखव, आणि दोन्ही मला पाठव.